तानी पाण्यात एकटी

तळ्याच्या काठी दोन मुंग्या राहायच्या. थोरली काजळी, धाकटी तानी.

एकदा तानी पळसाच्या पानावर चढली. वारा आला. फर्रर्र. पान उडालं. तळ्याच्या मधोमध पडलं. वारा गेला निघून. तानी राहिली पानावर.

पानाखाली मरळ मासा. काळा काळा, मोठ्या तोंडाचा. सुळकन इकडे. सुळकन तिकडे.

"ताई, मला भीती वाटते," तानी म्हणाली.

काजळी पाण्याच्या कडेपर्यंत धावली. तिला कुठं येतंय पोहायला?

पलीकडच्या काठाला कासवदादा झोपला होता. पाठ बाहेर, पाय पाण्यात. तो उठला तर तानीला आणील. काजळीने हाक मारली. पण मुंगीची हाक ती केवढी? कासवाला ऐकूच जाईना.

काजळी गेली पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पाण्या पाण्या, कासवाला उठव ना. कासव जागेना, तानी पाण्यात एकटी."

पाणी म्हणालं, "मला नाही जाता येत. माझं काम जागच्या जागी. वर नि खाली, वर नि खाली. पलीकडे जाते ती लाट. दगड पडेल, तर लाट उठेल."

काजळीने वाळूचा कण ढकलला. टिप. इवलीशी लाट उठली. थोडीशी गेली. विरून गेली.

काजळी गेली दगडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"दगडा दगडा, पाण्यात पड ना. लाट उठेना, कासव जागेना, तानी पाण्यात एकटी."

दगड म्हणाला, "आपणहून कसा पडू? खेकडा ढकलेल, तर मी पडेन."

काजळी गेली खेकड्याच्या बिळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"खेकड्या खेकड्या, दगड ढकल ना. दगड पडेना, लाट उठेना, कासव जागेना, तानी पाण्यात एकटी."

खेकडा आतून म्हणाला, "बाहेर कसा येऊ? बिळावर बकरीचा खूर. बकरी हलेल, तर मी निघेन."

काजळीने वळून पाहिलं. पान भिजत चाललं होतं. मासा जवळ जवळ येत होता. सुळकन. सुळकन.

"बकरी बकरी, खूर उचल ना. खेकडा निघेना, दगड पडेना, लाट उठेना, कासव जागेना, तानी पाण्यात एकटी."

बकरी पाला चघळत म्हणाली, "मावशी हाक मारील, तर मी हलेन."

बकरीची मालकीण गोजरामावशी बाभळीखाली मोळी बांधत होती. काजळी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. पायावरून हातावर. हातावरून कानापाशी.

"मावशी मावशी, बकरीला हाक मार ना. बकरी हलेना, खेकडा निघेना, दगड पडेना, लाट उठेना, कासव जागेना, तानी पाण्यात एकटी."

मावशीने तळ्याकडे पाहिलं. मोळी तशीच टाकली.

"एवढंसं लेकरू, आणि खाली मासा," ती म्हणाली. तिने हाक मारली, "चांदे, ये ये ये."

बकरी हलली. खेकडा निघाला. खेकड्याने दगड ढकलला. दगड पडला. डुबुक.

लाट उठली. गोल गोल. मोठी मोठी. निघाली तानीकडे.

माशाने तोंड उघडलं.

लाट आली. पान वर गेलं. पान खाली आलं. लाट गेली पुढे. पान तिथंच.

"ताई, लाट मला न घेताच गेली," तानी रडू लागली.

काजळीने डोळे गच्च मिटले.

पण लाट थांबली नाही. गेली, गेली, पलीकडे गेली. कासवाच्या पायाला लागली. चुळुक. मागून दुसरी आली. चुळुक.

कासवदादाने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"कोण उठवतंय मला?"

त्याला पान दिसलं. पानाखालचा मासा दिसला. कासवदादा पाण्यात शिरला. सपक सपक, सपक सपक. मासा घाबरला. पळाला खोल तळाशी.

कासवदादाने नाकाने पान ढकललं. हळू. हळू. काठाला लावलं.

तानी उतरली. काजळीने तिला जवळ घेतलं, आणि किती तरी वेळ सोडलंच नाही.

तळं निवांत, तानी निवांत, ऐकणाऱ्यांचे डोळेही निवांत.