मागायच्या आधीचं ताक

गिऱ्हाइकाने मागायच्या आधीच वस्तू त्याच्या दारात हजर झाली पाहिजे, असं रावसाहेब इंगवल्यांच्या डोक्याने घेतलं आणि सांगलीकडच्या एका कॉलेजातल्या संशोधन केंद्राची झोप उडाली.

रावसाहेब म्हणजे ‘उंबरठा’ या ऑनलाइन दुकानाचे मालक. मोबाइलवर बोट टेकवलं की साबणापासून शिलाई मशीनपर्यंत काहीही घरपोच. केंद्र त्यांच्याच देणगीवर चालायचं. तिथे चार विषयांचे चार प्राध्यापक होते: यंत्रांचे, ऑनलाइन खरेदीचे, बँकिंगचे आणि मालपुरवठ्याचे. चौघांचेही निबंध परदेशात छापून येत, पण चौघांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

रावसाहेबांनी सगळ्यांना बंगल्यावर बोलावून अट घातली. येत्या रविवारी आपण व्हरांड्यात बसू. आपल्याला जे हवंसं वाटेल ते, तोंडातून शब्द निघायच्या आत, फाटकाशी आलं पाहिजे. आलं तर केंद्र चालू राहील. नाहीतर संशोधनाला रामराम, त्या इमारतीत गोदाम होईल. बँकिंगच्या सरांनी भीत भीत विचारलं, की साहेबांना साधारण काय हवं असेल?

“ते मला तरी कुठे ठाऊक आहे?” रावसाहेब म्हणाले.

शमा तांबोळी मागे उभी राहून हे ऐकत होती. लोक वस्तू का मागतात, याच विषयावर ती केंद्रात पीएचडी करत होती. केंद्र गेलं की शिष्यवृत्ती गेली आणि अर्धा लिहून झालेला प्रबंधही गेला. रावसाहेबांना काय आवडतं याची तिने खूप चौकशी केली. त्यांचा हेकटपणा सोडून कुणाला काही ठामपणे सांगता येईना.

डोकं धरून ती आपल्या अम्मीच्या खानावळीत येऊन बसली. समोर एक नवा विद्यार्थी जेवत होता. त्याने भाकरीबरोबर खर्ड्याचा मोठा घास घेतला, आणि अम्मी लगेच ताकाचा पेला भरायला लागली.

“त्याने मागितलं कुठे अजून?” शमाने विचारलं.

“मागेल ना आता,” अम्मी म्हणाली.

शमा उठली ती हसतच उठली.

रविवारी रावसाहेब व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले. आधी यंत्रांच्या सरांचा ड्रोन घरघरत आला आणि चष्मा पुसायचं फडकं टाकून गेला. रावसाहेबांनी त्याला हातही लावला नाही. ऑनलाइन खरेदीच्या मॅडमनी, साहेब मोबाइलवर काय बघतात याचा अभ्यास करून, पायाला मालिश करणारं यंत्र मागवलं होतं. ते आपण बायकोसाठी बघत होतो, असं साहेबांनी सांगितलं. बँकिंगच्या सरांनी दरवर्षीच्या खर्चावरून अंदाज बांधून सोलापुरी चादर आणली, तर साहेबांनी ती परवाच दुकानात जाऊन घेतली होती. मालपुरवठ्याच्या सरांनी मात्र कसलाच अंदाज बांधला नव्हता. त्यांनी सगळ्याच वस्तूंनी भरलेला टेम्पो फाटकाशी उभा केला आणि यातलं काय हवं तेवढं सांगा, म्हणाले.

“सांगितलं म्हणजे मागितलंच की,” रावसाहेब म्हणाले, आणि टेम्पो परत गेला.

प्राध्यापकांच्या माना खाली गेल्या. जेवायची वेळ झाली होती. शमाने पुढे होऊन डबा उघडला. अम्मीने साहेबांसाठी भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा खर्डा पाठवला आहे, असं ती म्हणाली. खर्डा जरा जहाल आहे, तेव्हा साहेबांनी नुसता चाखावा, असंही तिने फार काळजीने सुचवलं.

“मला सांगतेस? मिरचीवरच वाढलोय मी,” म्हणत रावसाहेबांनी मोठा घास तोंडात टाकला.

क्षणभर ते ऐटीत चावत राहिले. मग कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या आणि असा ठसका लागला की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. हात हवेत काहीतरी शोधू लागला, पण शब्द काही फुटेना. शमाने फाटकाकडे पाहिलं. जरा जास्तच तर झालं नाही ना?

तेवढ्यात बेल वाजली. ‘उंबरठा’चा माल घरोघरी पोचवणारे दिनकरदादा गणवेशात, खोकं घेऊन आत आले. खोक्यावर रावसाहेबांचं नाव, आणि आत थंडगार ताकाची बरणी. साहेबांचा ठसका ऐकू आला की बेल वाजवायची, एवढंच शमाने त्यांना सांगून ठेवलं होतं. रावसाहेबांनी बरणी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

“ही लबाडी आहे,” आवाज फुटल्यावर ते गरजले. “मला ताक नको होतं. तू खर्डा चारलास म्हणून हवं झालं!”

“साहेब, मलाही बूट नको होते,” शमा म्हणाली. “तुमचं दुकान रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या मोबाइलवर बूट दाखवत राहिलं, आणि एक दिवस मला ते हवे झाले. माणसाच्या मनातलं आधी कुणालाच कळत नाही, साहेब. पण तहान आधी पाठवली, की ताक वेळेवर पोचवता येतं. मी तुमचाच धंदा तुमच्या घरी केला.”

रावसाहेबांनी मिशीला लागलेलं ताक पुसलं, शमाकडे पाहिलं, तिच्या पायांतल्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग ते असे हसायला लागले की पुन्हा ठसका लागला.

हसू आवरल्यावर त्यांनी तिथेच सांगून टाकलं: केंद्र चालू राहील, शमाची शिष्यवृत्ती प्रबंध पुरा होईपर्यंत थांबणार नाही, आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचं दुपारचं जेवण उद्यापासून तिच्या अम्मीच्या खानावळीतून येईल. प्राध्यापक टाळ्या वाजवू लागले, आणि ताकाची कल्पना मुळात कुणाच्या विषयातली, यावरून त्यांचा वादही लगेच सुरू झाला.

रावसाहेबांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, खर्ड्याला लावला आणि रिकामी बरणी शमापुढे सरकवली.

“अजून ताक आण, पोरी. हे मात्र मी तोंडाने मागतोय.”