किडकिडीत निरोप्या

मंडळी, सांगा बरं, भरवसा कुणावर टाकाल? सगळ्याला हो म्हणणाऱ्यावर, की तोंडावर 'जमलं नाही' म्हणणाऱ्यावर?

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. मिठागराचा राखणदार तुळाजी एकटाच राही. जुन्या मोबाइलवरून तो लेकीला लिही, "सणाला येतेस ना?" मोबाइलमधला निरोप्या, म्हणजे निरोप नेणारं ॲप, मोठा ऐटबाज. चित्रा-गाण्यांचं त्याचं गाठोडं इतकं जड, की मोबाइलच्या उंबऱ्यावरच त्याला धाप लागे. तिथूनच परतून तो सांगे, "पोचवलं." उत्तर येईना. लेक रुसली असं धरून तुळाजीने लिहिणंच सोडलं.

मोबाइलला ते बघवेना. त्याने दुसरा, किडकिडीत निरोप्या बोलावला.

"चित्रं नेशील?"

"नाही दादा. चार शब्द नेईन."

"मग हा काय कामाचा?" ऐटबाज हसला.

तरी मोबाइलने त्यालाच ठेवलं. तुळाजीचा जुनाच निरोप घेऊन तो निघाला आणि लगेच परतला. "नाही पोचलं. इथे रेंज नाही, बांधावर चला."

ते वाचून तुळाजी बांधावर गेला. तिथून किडकिडीत पुन्हा धावला आणि या वेळी निरोप पोचला. उत्तर आलं, "बाबा, तुमच्या बोलावण्याचीच वाट बघत होते."

तेव्हा विनंती एवढीच, हिशेब खरा ठेवा. न पोचलेलं पोचलं म्हणू नका; त्या एका शब्दावर कुणीतरी एकटं बसून असतं.