रिकाम्या खाचेतला सुळका

“सर, हा सुळका तुम्हाला दिसत नाहीये का?”

“दिसतोय की. म्हणून तर विचारतोय, हा पाण्याचाच कशावरून?”

उन्मेष खैरमोडे हसला. गुरूसमोर असं हसू नये, पण हल्ली सांगायचं कुणी? पोरगा हुशार, त्यात वाद नाही. तोराही तेवढाच.

त्याचं काम स्पिरिटात मिसळलेल्या पाण्याचं. बाटलीत हिरवा लेसर सोडायचा. परत येणाऱ्या उजेडाचा रंग जरासा बदललेला असतो. त्या बदलावरून आतलं पाणी कसं वागतंय, ते रामन यंत्र पडद्यावर रेघ काढून दाखवतं. नुसत्या पाण्याची रेघ म्हणजे पसरट टेकाड. उन्मेषच्या मिश्रणांत त्या टेकाडावर एक अणकुचीदार सुळका उभा होता. आजवर जगात कुणाला दिसला नव्हता, म्हणे.

“नुसत्या पाण्यात नाही. मिश्रणात आहे, प्रत्येक मिश्रणात. म्हणजे स्पिरिटाच्या संगतीत पाणी नवीच बांधणी करतं. सरळ आहे, सर.”

“पाण्याची रेघ इतकी टोकदार येत नाही रे...”

“तुमच्या काळी अशी यंत्रं नव्हती.”

ठोसर सरांनी पडद्यावरचा सुळका पुन्हा एकदा न्याहाळला.

उन्मेषनं पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या परिषदेत तो हा सुळका मांडणार होता. ऐकायला एक जर्मन प्राध्यापक बसणार होते, आणि त्यांच्याचकडं त्याला पुढच्या संशोधनासाठी जागा हवी होती. सरांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

“पेढा घ्या ना, सर.”

सर उठले. यंत्रापाशी गेले. बाटली खाचेतून उचलून टेबलावर ठेवली आणि झाकण होतं तसंच अर्धवट टेकवलं.

“आता चालव.”

“बाटलीशिवाय?”

“चालव.”

“आत काहीच नाही, सर. दिसणार काय?”

“तेच बघू.”

म्हाताऱ्याचे लाड पुरवावेत तसा तो उठला. खोलीतले दिवे मालवले, बटण दाबलं.

रेघ सरकू लागली. टेकाड नाही. सपाट... सपाट...

आणि सुळका.

उन्मेष खुर्चीतून अर्धा उठला तो तसाच राहिला.

“थेंब सांडला असेल आत.” त्यानं खाच पुसली. पुन्हा पुसली. पुन्हा बटण दाबलं.

सुळका. होता तिथंच.

“पाणी नाही, स्पिरिट नाही,” सर म्हणाले. “मग हा कोण?”

उन्मेषनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

“नुसतं पाणी कधी मोजलं होतंस?”

“दसऱ्याच्या आधी.”

“आणि मिश्रणं?”

“नंतर... सगळी नंतर.”

पाणी पुन्हा एकदा मोजून बघावं, हे काही त्याला सुचलं नव्हतं. घाईत सुचत नाही.

सरांनी मान वर केली. त्यानंही केली. अंधारात एक तांबडी ज्योत लुकलुकत होती.

खंडेनवमीला पोरं यंत्राची पूजा करतात. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं. माळ सुकली, काढली. पण यंत्रावरच्या फळीवर गणपतीपुढं विजेचा दिवा लावला होता, तो काम फत्ते होईपर्यंत असू दे म्हणून तसाच ठेवला. असल्या ज्योतीत निऑन वायू असतो. त्याचा उजेड यंत्रात शिरला, की सुई टोचल्यासारखा एकाच जागी उमटतो. उंच बाटलीमुळं झाकण पुरतं बसत नाही, हे उन्मेषला ठाऊक होतं. म्हणून तर तो खोलीतले दिवे न चुकता मालवायचा. देवापुढचा दिवा त्यानं दिव्यांत धरलाच नव्हता.

सरांनी चपला काढल्या. गणपतीला हात जोडले. मग दिव्याचा खटका बंद केला.

“चालव.”

सपाट. शेवटपर्यंत सपाट.

पोराचं तोंड पांढरंफटक पडलं. भिंतीला टेकला.

“सर... हे मी उद्या... एवढ्या लोकांपुढं उभा राहून...”

सरांनी खोलीतले दिवे लावले.

“सगळ्यांना सांगून बसलोय, सर. आईला सांगितलंय.”

एकाएकी त्यानं फळीवरचा दिवा वायरसकट ओरबाडला आणि भिंतीवर आपटायला हात उगारला.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

“फोडू नको. त्याचं माप तू अगदी बिनचूक घेतलंयस.”