शापाचे पाणी

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी वेणुमती नदीच्या तीरावर तृणबाहू ऋषींचा आश्रम होता. एके काळी सामघोषाने दुमदुमणाऱ्या त्या तपोवनावर नऊ वर्षे पर्जन्याचा थेंब पडला नाही आणि नदीच्या जागी वाळू तेवढी उरली. तृणबाहू तपासाठी हिमालयात गेलेले. मागे त्यांची पत्नी धृतिमती एका औदुंबराच्या रोपासाठी राहिली होती. साऱ्या अरण्यात हिरवे असे तेवढेच उरले होते. ते वाळले तर आश्रम मोडणार, हे तिला पक्के ठाऊक होते. तीन कोसांवरच्या डोहातून ती रोज एक घडा पाणी आणी.

एके दिवशी माध्यान्ही साक्षात जलाधिपती वरुण पथिकाच्या रूपाने दारी आला. धृतिमतीने त्याला दर्भासनावर बसवले, पिण्यासाठी कमंडलू पुढे ठेवला, पायांखाली ताम्हण सरकवले आणि नुकतेच तांदूळ धुतलेले पाणी त्या पायांवर घातले.

वरुण संतापला. देवांना संतापायला फारसे काही लागत नाही.

"तांदळाचे धुवण! अतिथीला हे पाद्य?"

"महाराज, पायांची धूळ याने निघते," ती म्हणाली. "स्वच्छ पाणी आपल्या कंठासाठी राखले आहे. आणि ताम्हणातले या रोपाला जाईल. आज ते सकाळपासून तहानलेले आहे."

"मूढे, मी वरुण आहे! ज्या जलाची तू अशी कंजुषी करतेस, त्या जलाचाच तुला शाप!" असे गर्जून त्याने शापासाठी कमंडलूतले सारे पाणी ओंजळीत घेतले.

धृतिमती भ्याली. का नाही भिणार? पण तिची नजर देवाच्या मुखावर नव्हती, ओंजळीवर होती. बोटांतून पाणी ठिबकत होते.

"देवा, शाप अवश्य द्या," ती हात जोडून म्हणाली, "पण दोन पावले इकडे या आणि या रोपावर हात धरून द्या. दगडावर सांडलेले पाणी कोणाच्याच कामी येणार नाही."

सात समुद्रांचा तो स्वामी, पण ओंजळभर पाण्याचे मोल त्याला आजवर कुणी सांगितले नव्हते. ओंजळ सावरत तो उठला आणि रोपापाशी त्याने गुडघे टेकले.

"माते, शापाचे पाणी परत फिरत नाही, शब्द मात्र अजून माझ्या हाती आहे. तू राखलेस ते वाढो! जिथे औदुंबर उभा राहील, तिथे त्याच्या मुळांशी मी स्वतः वास करीन."

ओंजळ रिती झाली आणि मुळांशी झरा फुटला. धृतिमतीला रडू आवरेना. तशाच भरल्या डोळ्यांनी तिने कमंडलू भरून अतिथीपुढे धरला. रागाच्या भरात बिचाऱ्याचे पाणी प्यायचे राहूनच गेले होते. वरुण तृप्त होईतो प्यायला आणि तळाशी उरलेला घोट त्याने आपणहून रोपाला घातला.

तेव्हापासून, विहीर खणणारा माणूस आधी उंबर शोधतो.