केरसुणीने शोधलेली जागा

सांगा मंडळी, खोलीतली जागा कुणाला विचारावी, मोठ्या आवाजाच्याला की रोज चारही कोपरे झाडणाऱ्याला?

टीव्ही नुकते भिंतीवर चढले होते, तेव्हाची गोष्ट. नवा सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, कोपऱ्यात असा घुमायचा की सिनेमातलं बोलणंच बुडायचं. मालक म्हणाला, "उद्या हा दुकानात परत."

केरसुणी वूफरला म्हणाली, "मालकाच्या सोफ्यावर बसून घुम. मी जमिनीवर फिरते. जिथं मला नीट ऐकू येईल, तिथून तू घुमलास की सोफ्यावरही नीट ऐकू जाईल."

"तू मला शिकवणार?"

"मग जा बाबा खोक्यात."

वूफर सोफ्यावर चढून घुमू लागला. केरसुणी फिरत फिरत खिडकीखाली थांबली.

संध्याकाळी वूफर खिडकीखालून घुमला, तर शब्द न् शब्द स्वच्छ. मालक खूश. वूफर सगळ्या सामानाला ऐकवत म्हणाला, "आवाज माझा, जागा केरसुणीची." दारामागे केरसुणी ताठ उभी राहिली.

तुम्हीही कौतुकाचा हिशेब असाच चोख ठेवा.