अंड्यांवर बसणार कोण?

माळावर बोराटीचं दाट रान होतं, त्या काळची गोष्ट. लांडोरींनाही सभेत मोरांइतकाच मान मिळावा म्हणून तुरेराव मोरानं वडाखाली सभा बोलावली, आणि तीही ऐन अंडी उबवायच्या दिवसांत! झाडून सगळे मोर आले. लांडोर आली एकटी सावळी.

अंड्यांवर पाला लोटून ती आली होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बोराटीत मुंगूस फिरताना तिनं सकाळीच पाहिलं होतं. सभेत मात्र एकेक मोर उठायचा, पिसारा फुलवायचा आणि लांडोरींच्या कष्टांवर भरभरून बोलायचा. कुठं पाचोळा वाजला की सावळी मान उंचावून बोराटीकडे बघायची.

शेवटी तुरेराव म्हणाला, "बोला सावळीबाई, अगदी मोकळेपणानं बोला."

"बोलेन की, दादा. पण तोवर माझ्या अंड्यांवर कुणी बसेल का?"

सगळे पिसारे खाली आले. उत्तराची वाट न बघता सावळी पळत सुटली.

अंडी अजून कोमट होती. ती बसते न बसते तोच मागे पाचोळा वाजला. तिनं चोच रोखली. समोर तुरेराव उभा होता, पिसारा आवरून, अंग चोरून.

"सभा थांबवलीय," तो म्हणाला. "आधी सांगा, बसायचं कसं?"