सतरा जोड करवंट्या

फार पूर्वी, एका डोंगराला सात गावं बिलगून राहत होती तेव्हाची ही गोष्ट. त्या गावांच्या वतीने राजाच्या सभेत बसणारा एक सभासद होता. बोलण्यात तरबेज, मनाने वाईट नाही, पण बारा वर्षांत त्याने बऱ्याच भानगडी करून ठेवल्या होत्या. आता त्याला साऱ्या मुलखाचा सुभेदार व्हायचं होतं.

त्या मुलखात एक पद्धत होती. सुभेदारी मागणाऱ्याने बाजारातून गडापर्यंत पायी चढायचं. ज्याची त्याच्याविरुद्ध तक्रार असेल, त्याने त्याच्या कमरेला दोन करवंट्यांचा जोड बांधायचा. वाटेत खरं उत्तर मिळालं, तर सोडायचा. गडावर पोचल्यावर लोक हात वर करून कौल देत.

सभासदाच्या कमरेला सतरा जोड लागले. मिठावरचा कर ठरला तेव्हा हा सभेत झोपला होता, त्याचा एक. पागोट्याचा रंग तीनदा बदलून तीन गटांत जाऊन आला, त्याचा एक. वाघ मारल्याची बढाई मारली आणि ते रानमांजर निघालं, त्याचा एक. सर्वांत मोठा जोड एका कुंभारीण आजीचा. तिच्या गावाला कबूल केलेला पूल याने आपल्या सासुरवाडीला बांधला होता, आणि आजी अजूनही मडकी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडत होती.

सभासद चालून पाहू लागला, तर बैलगाडी उलटल्यासारखा आवाज.

त्याचा कारभारी कानाशी लागला. "मालक, मधे कापूस भरू. दिसायला माळ, ऐकायला काही नाही."

सभासदाला ते पटलं. आडोशाला जाऊन दोघांनी कापूस भरला आणि चढण सुरू झाली. एरवी या मिरवणुकीला केवढी मजा असायची. आज लोक नुसते बघत राहिले. एक म्हैससुद्धा मान वळवेना.

अर्ध्या वाटेवर आजी दगडावर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मी दोन करवंट्या बांधल्या होत्या. त्या मुक्या झाल्या, म्हणजे माझं म्हणणं मिटलं का?"

सभासद थांबला. खरं सांगितलं तर सुभेदारी जाणार, हे त्याला कळत होतं. मग त्याने असं का केलं, ते नक्की सांगता येत नाही. कदाचित त्या शांततेचाच त्याला कंटाळा आला असेल. त्याने एकेक जोड उघडून कापूस वाऱ्यावर सोडून दिला.

"आजी, कापूस मी भरला. पूलही मीच पळवला. सासूबाईंना पाय भिजलेले आवडत नाहीत."

आधी आजीच हसली, आणि तिच्यामागे सगळी चढण हसू लागली. त्यापुढे खडखडाट करत तो दर वळणावर थांबला. झोपलो होतो, म्हणाला. पागोट्याचा रंग वारा बघून बदलला, म्हणाला. रानमांजरसुद्धा आपण होऊन पळालं होतं, हेही सांगितलं. लोक पोट धरून हसत आणि जोड सोडत.

गडावर पोचला तेव्हा एकच जोड उरला होता, मागोमाग चढून आलेल्या आजीचा.

"हा नाही सुटायचा," आजी म्हणाली. "उत्तर मिळालं, पूल नाही मिळाला."

तरीही हात वर गेले, आणि पहिला हात आजीचाच होता. ती म्हणाली, "हा सुभेदार येताना ऐकू तरी येईल."

वर्षभर सुभेदार खडखड करत सात गावं फिरला. आवाज आला की लोक कामं सांगायला बाहेर येत. पुढच्या पावसाळ्याआधी ओढ्यावर पूल झाला. ढोल वाजले, गूळ वाटला गेला. आजी डोक्यावर मडकी घेऊन कोरड्या पायांनी पलीकडे गेली, परत आली आणि तिने तो जोड सोडला.

सुभेदाराने मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात आजीने तोच जोड पुन्हा त्याच्या कमरेला बांधला.

"आता पुलापासून बाजारापर्यंतचा रस्ता," ती म्हणाली.

आणि सुभेदार, नव्या पुलावरून, खडखडत आणि हसत निघाला.

तात्पर्य: आपल्याविरुद्धची तक्रार दाबली, तर ती आपल्याच अंगावर मुकी लटकत राहते, वाजू दिली, तर तीच आपल्याकडून काम करून घेते.